‘खाजगी शिडाची सफर’ म्हणून विकलेल्या गर्दीच्या मोटरबोटीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

दि. १२ जानेवारी २०२६

विषय : गोव्यातील ‘प्रायव्हेट सेलिंग आणि स्नॉर्केलिंग’ सफरीचे पैसे परत मिळणे व सुरक्षेतील हलगर्जीबाबत लेखी खुलासा मिळणे

महोदय,

२७ डिसेंबरला आपल्यामार्फत आम्ही घरचे सहा जण गोव्यात ग्रँड आयलंड या बेटाच्या सफरीला गेलो होतो. तिथे जे घडले ते परत आल्यावर आपल्या प्रतिनिधींना फोनवर सांगितले. त्यावर ‘पुढच्या सहलीवर २० टक्के सूट’ असे कूपन आले आणि सोबत तक्रार बंद केल्याचा मेसेज. तक्रार बंद झालेली नाही. ती आता लेखी करत आहे.

आपल्या संकेतस्थळावरचा मजकूर आज सकाळीही तसाच आहे, त्याची छायाप्रत सोबत जोडली आहे. शिडाची नौका. फक्त तुमचे कुटुंब, जास्तीत जास्त सहा जण. सकाळी सात वाजता मांडवीतून प्रस्थान. परवानाधारक कप्तान, पाण्यात सोबत प्रशिक्षित मार्गदर्शक, स्वच्छ केलेले मास्क आणि स्नॉर्केल, म्हणजे तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायची नळी. किंमत करांसह २७,००० रुपये, सगळी आगाऊ. रक्कम मोठी होती, पण माझे वडील वेंगुर्ल्याचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना पाण्यात उतरायचे नव्हते, मासेही बघायचे नव्हते. इंजिन बंद करून वाऱ्यावर चालणाऱ्या बोटीत पुन्हा एकदा बसायचे होते. ‘शीड नक्की उघडतात ना, की नुसती डोलकाठी दाखवायला असते?’ असे मी बुकिंग करताना मुद्दाम विचारले होते. ‘हवामान चांगले असेल तर पूर्ण वेळ सेलिंगच, मॅडम,’ हे उत्तर माझ्या व्हॉट्सॲपवर आहे.

आदल्या रात्री दहा वाजून गेल्यावर मेसेज आला की वेळ साडेदहाची केली आहे. कारण लिहिले होते ‘ऑपरेशनल’. आपल्याला हा किरकोळ बदल वाटतो, असे फोनवर जाणवले, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

डिसेंबर-जानेवारीत कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो हलका असतो आणि किनाऱ्याजवळ लाट उठवत नाही. ऊन चढले की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, वारा उलटतो आणि दुपारपर्यंत वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. इंजिने येण्याआधी या किनाऱ्यावरचा मच्छीमार याच वेळापत्रकावर जगला : मतलईवर बाहेर जायचे, खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. शिडाच्या बोटीने सातला निघायचे ते यासाठी. आणि स्नॉर्केलिंगलाही सकाळच बरी, कारण गोव्याचे पाणी अंदमानसारखे नितळ नसते. मांडवी आणि झुवारी या दोन्ही नद्यांची तोंडे जवळ आहेत, त्यांचा गाळ या पाण्यात येतो. चांगल्या दिवशी काही मीटरपर्यंत दिसते, आणि तेही वारा पडलेला असेपर्यंत. साडेदहाला निघणारी बोट बेटाजवळ पोचून लोकांना पाण्यात उतरवेपर्यंत दुपार होते. म्हणजे वेळ बदलली तेव्हाच सफरीतले सेलिंग आणि स्नॉर्केलिंग दोन्ही गेले होते. आपल्या कंपनीत वेळापत्रक ठरवणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल, तर त्याने समुद्राच्या सहली विकू नयेत. माहीत असेल, तर प्रश्न आणखी गंभीर आहे.

नेरुळच्या जेट्टीवर आमच्यासाठी उभी होती ती वर ताडपत्रीचे छत असलेली फायबरची मोटरबोट. मागे दोन आउटबोर्ड इंजिने. डोलकाठी नाही, शीड नाही. आत वेगवेगळ्या हॉटेलांतून आणलेली वीस-बावीस माणसे आधीच बसलेली. ‘शीडवाली बोट मेंटेनन्सला आहे,’ असे आपल्या नावाचा टी-शर्ट घातलेल्या मुलाने सांगितले. ती कधीपासून मेंटेनन्सला आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही जात नाही, पैसे परत द्या, असे म्हटल्यावर त्याने कोणाला तरी फोन लावून सांगितले की बोटीत बसला नाहीत तर ‘नो शो’ धरला जाईल आणि एक रुपयाही परत मिळणार नाही. दोन मुले सकाळपासून तयार होऊन बसलेली, आणि हा पेच जेट्टीवर उभे राहून सोडवायचा. आम्ही बसलो. बसलो म्हणजे बदल मान्य केला, असा अर्थ आपल्या प्रतिनिधींनी फोनवर काढला. तो मला मान्य नाही. बसण्यापूर्वी ९ वाजून ५२ मिनिटांनी मी आपल्या क्रमांकावर लेखी हरकत पाठवली होती आणि तिच्यावर निळ्या खुणाही आल्या होत्या.

शेजारच्या कुटुंबाने हीच सफर, हीच बोट, हेच जेवण माणशी १,५०० रुपयांना घेतले होते. आदल्या संध्याकाळी, समुद्रकिनाऱ्यावरच्या टपरीवर.

गाण्यांचा आवाज, जेवणातला थंड भात, डॉल्फिन दिसले म्हणून एकाच बाजूला धावलेली गर्दी, यावर मी शब्द खर्च करत नाही. दीड हजाराच्या तिकिटात ते चालते आणि घेणाऱ्याला ते माहीतही असते. वडील आग्वादपासून बेटापर्यंत स्पीकरशेजारी बसून होते, एवढेच नोंदवते. खरी तक्रार पुढची आहे.

लाईफ जॅकेट सगळी मोठ्यांच्या मापाची होती. माझा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा आहे. जॅकेट मापाचे आहे का हे पाहायची रीत साधी आहे : घातल्यावर खांद्यापाशी धरून वर ओढायचे. ते कानापर्यंत सरकले तर पाण्यात माणूस खाली आणि जॅकेट वर, अशी गत होते. त्याचे जॅकेट कानांच्याही वर गेले. पायांमधून घ्यायचा पट्टा तुटलेला होता. दुसरे मागितले तर ‘काही होत नाही, मी धरतो ना,’ असे उत्तर मिळाले. त्याला पाण्यात पाठवले नाही. तो बोटीत बसून रडला.

मास्कचे रबर गाठी मारून बांधलेले. तोंडात धरायची स्नॉर्केलची नळी एकाच्या तोंडातून निघाली की समुद्राच्या पाण्याच्या बादलीत बुचकळून पुढच्याच्या हातात. ‘स्वच्छ केलेले साहित्य’ ते हेच असावे. श्वास कसा घ्यायचा, नळीत पाणी शिरले तर काय करायचे, अडचण आली तर हात कसा वर करायचा, यातले एक अक्षर कोणी सांगितले नाही. नांगर कुठे पडतो आहे हेही कोणी पाहिले नाही. बेटाच्या आडोशाला प्रवाळ आहेत, ते पाहण्यासाठीच लोक तिथे जातात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. आपला नांगर त्यांच्यावर पडला की वाळूत, हे मला सांगता येणार नाही, कारण पाणी इतके ढवळलेले होते की तळ दिसतच नव्हता. माशांना जवळ बोलवायला बिस्किटांचे पुडे मात्र फोडले जात होते. परतताना दिसते त्या दोना पावलाच्या टेकडीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आपल्या माणसांना एकदा तिथे तासभर बसवून आणा, एवढे सुचवते.

आता मुख्य गोष्ट. वीसहून अधिक प्रवाशांमागे पाण्यात दोन मदतनीस होते, आणि त्यातला एक मधूनमधून वर येऊन बिअरचे कॅन देत होता. पाण्यात उतरायचे बाकी असलेल्यांनाही. माणसे गटागटाने सोडत होते. कोण उतरले, कोण वर आले याची नोंद कोणाकडेच नव्हती. माझा भाऊ शेवटच्या गटात होता. तो बोटीच्या पलीकडच्या अंगाला, इंजिनांपासून फार तर सात-आठ हातांवर, तोंड पाण्यात घालून तरंगत होता. ‘चला, सगळे आले,’ अशी हाळी झाली, नांगर वर आला आणि इंजिन सुरू झाले. मी आणि माझ्या नवऱ्याने आरडाओरडा केला. गाण्यामुळे चालवणाऱ्याला तो ऐकू गेला नाही. शेवटी माझ्या थोरल्या मुलीने जाऊन त्याचा हात धरला, तेव्हा इंजिन बंद झाले.

स्नॉर्केलिंग करणाऱ्याचे कान पाण्याखाली असतात आणि नजर तळाकडे असते. बोट हलते आहे हे त्याला समजत नाही, म्हणून त्याच्या जिवाची सगळी जबाबदारी बोटीवरच्या माणसांची असते. इंजिनाच्या किल्लीला हात लावण्याआधी डोकी मोजायची आणि मागे पंख्यापाशी पाण्यात कोणी नाही हे डोळ्यांनी पाहायचे, याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. खाजगी बोटीत आम्ही सहाच असतो, तर ही मोजणी आम्हीच केली असती. छोट्या गटासाठी जास्त पैसे मोजतात ते यासाठीही.

हे मी वाढवून सांगते आहे असे आपल्या प्रतिनिधींना वाटले. ‘पण तसं काही झालं नाही ना मॅडम,’ असे ते म्हणाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि एक जण गेला. त्या सकाळपर्यंत त्या बोटींनाही काही झालेले नव्हते.

आपल्या उत्तरात दोन बचाव आले. पहिला, बोट स्थानिक व्यावसायिकाची होती, आपण फक्त बुकिंग घेता. पावती आपल्या नावाची आहे, पैसे आपल्या खात्यात गेले, जाहिरात आपली आहे. स्थानिक व्यावसायिकाशी माझा कसलाच करार नाही. त्याच्याकडून काय वसूल करायचे ते आपण पाहा. दुसरा, अटींमध्ये ‘नौका बदलण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते’ असे लिहिले आहे. एका शिडाच्या बोटीऐवजी दुसरी शिडाची बोट दिली असती तर मी हे कलम निमूट मान्य केले असते. खाजगीऐवजी सामायिक, शिडाऐवजी इंजिन, सहाऐवजी सत्तावीस-अठ्ठावीस माणसे आणि किंमत मात्र तीच, याला नौका बदलणे म्हणत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी, दिशाभूल करणारी जाहिरात आणि एकतर्फी अन्याय्य करार या तिन्ही गोष्टींची व्याख्या केलेली आहे. आपल्या कायदेशीर सल्लागारांनी ती एकदा वाचावी.

माझी मागणी वाजवीपेक्षा जास्त नाही. आम्ही बोटीत बसलो, बेटापर्यंत गेलो, जेवलो. त्या सफरीचे जे बाजारमूल्य होते, म्हणजे माणशी १,५०० प्रमाणे सहा जणांचे ९,००० रुपये, ते आपण ठेवा. उरलेले १८,००० रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करा. मानसिक त्रासाचा आकडा मी आज मागत नाही.

याशिवाय लेखी खुलासा हवा आहे, आणि तो पैशांइतकाच महत्त्वाचा आहे. त्या बोटीचा नोंदणी क्रमांक काय आणि तिची परवानगीची प्रवासी क्षमता किती? चालवणाऱ्याकडे कोणता परवाना होता? पाण्यातले दोघे जीवरक्षक म्हणून प्रशिक्षित होते का, आणि असल्यास त्यातला एक बिअर का वाटत होता? मुलांच्या मापाची जॅकेट आपल्या किती सफरींमध्ये ठेवली जातात? आणि ती शिडाची बोट, जिचे छायाचित्र दाखवून हे बुकिंग घेतले, ती सध्या कुठे आहे? असेल तर दाखवा. नसेल तर ते छायाचित्र आजच काढून टाका, कारण हंगाम अजून चालू आहे आणि कोणाचे तरी वडील अजून ते बघत असतील.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर नोंद करून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. तक्रारदार राहतो त्या ठिकाणी दावा करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही, त्यामुळे मला फार धावपळ करावी लागणार नाही. लाईफ जॅकेट आणि न मोजलेल्या प्रवाशांविषयीची हकीकत, व्हिडिओसह, गोव्याच्या पर्यटन खात्याकडे आणि बोटींची नोंदणी पाहणाऱ्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स कार्यालयाकडे आजच स्वतंत्रपणे पाठवली आहे. पैसे परत केले तरी ती मागे घेतली जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पावती, जाहिरातीची छायाप्रत, व्हॉट्सॲपवरील संभाषण आणि बोटीतले चित्रीकरण या ईमेलला जोडले आहे. कूपन वापरायचे नसल्याने रद्द करावे. ‘एकदा फोनवर बोलून घेऊ’ असा आपल्या कार्यालयाचा आग्रह असतो. बोलणे झालेले आहे, उत्तर ईमेलवरच पाठवावे.

कळावे.

आपली,
तक्रारदार ग्राहक
(बुकिंगचा तपशील सोबतच्या पावतीत)