गोडलिंबावरची ‘घाण’

पुणे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, गोडलिंबाच्या पानांवर तुम्हाला जी काळी-पांढरी घाण दिसते आहे ती पुसू नका, आणि औषध तर मुळीच फवारू नका. पानं कढीत जातात आपल्याच. ती फुलपाखराची अळी आहे, लाइम बटरफ्लायची किंवा त्याच्याच कुळातल्या कॉमन मॉर्मनची. लहानपणी दोघांच्याही अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात: अंग काळपट, ओलसर चकाकणारं, मधोमध पांढरा डाग. शीट कोणता पक्षी खाणार? म्हणून ती पानाच्या वरच्या बाजूला, उघड्यावर बिनधास्त बसते.

खात्री करायची असेल तर पेपर वाचायचं भिंग घ्या. खरी शीट ओघळलेली असते, वाळली की तडकते, पावसात धुऊन जाते. अळी पानावर नीट लांबट बसलेली असते, शेजारच्या कोवळ्या पानांच्या कडा कुरतडलेल्या असतात आणि खाली कुंडीत तिच्या विष्ठेचे काळे बारीक दाणे पडलेले असतात. रंगाने अंग लपतं, खाल्लेलं लपत नाही. तेव्हा आधी अळी शोधू नका, कुरतडलेली कड शोधा.

हे सोंग फार दिवस चालत नाही, कारण अळी वाढते. चार सेंटिमीटरची शीट टाकणारा पक्षी झाडावर कुठला बसायला! चौथ्यांदा कात टाकली की ती एकदम हिरवी होते, बाजूंवर तिरपे गडद पट्टे येतात आणि त्यांनी तिच्या अंगाची सलग कड मोडते. मग ती पान सोडून काडीला चिकटून बसू लागते. हा बदल कशाने होतो ते जपानी संशोधकांनी तिथल्या लिंबावरच्या अशाच अळीत दाखवलं, 2008 साली. अंगातलं जुव्हेनाइल हार्मोन (अळीला अळीपणात ठेवणारं रसायन) चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीला कमी झालं की पुढची कात हिरवी निघते. तेव्हा बाहेरून ते हार्मोन दिलं तर मोठी अळीसुद्धा शिटेच्याच रंगात राहते. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं, की वेष कधी बदलायचा हे अंगातच ठरलेलं आहे.

आई, तू तिला बोट लावलंस तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल. घाबरू नकोस, ते चावत नाही. वेष ओळखला गेला तर हा दुसरा उपाय.

झाड दोन फुटांपेक्षा लहान असेल तर चार-पाच अळ्या ते बोडकं करतील. एक-दोन ठेवा, बाकीच्या पानासकट खुडून लिंबाच्या किंवा बेलाच्या मोठ्या झाडावर ठेवा. चिमटीत धरून ओढू नका, पाय पानाला घट्ट असतात, अंग फाटतं. मनी प्लँटवर किंवा तुळशीवर सोडलीत तर उपाशी मरेल. खाणं थांबवून ती भटकायला लागली की कोष करणार असं समजा. हिरव्या पानांत केला तर कोष बहुधा हिरवा होतो, वाळक्या काडीवर किंवा भिंतीवर केला तर तपकिरी. हलवू नका, शेपटीकडे गाठ आणि कमरेला रेशमी धागा, एवढ्यावरच तो तोललेला असतो. कधी कोषाला बारीक भोक पडून त्यातून फुलपाखराऐवजी चिमुकल्या गांधीलमाश्या निघतात. त्यात तुमची काही चूक नाही. रंग पक्ष्याच्या डोळ्यांना फसवतो, या माश्यांना फसवत नाही.

सरड्याचं मात्र उलट आहे. तुमच्या बडोद्यातल्या कमाटीबागेत आता नरांची डोकी लालभडक झालेली दिसतील. तो लपण्याचा रंग नाही, दुसऱ्या नराला दटावण्याचा आणि मादीला दिसण्याचा आहे. तिथेच संध्याकाळी पाचोळ्यातून एक मळकट फुलपाखरू उडतं, ईव्हनिंग ब्राउन. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. हिवाळ्यात निघणारी पिढी नुसत्या वाळक्या पानासारखी. तेव्हा जमीन पाचोळ्याची असते, ठिपके घातकच ठरतील.

आता खरी काळजीची गोष्ट, गावातल्या विश्वामित्री नदीतल्या मगरी. पाठ गढूळ पाण्याच्या रंगाची, पोट फिकट, आणि डोळे, कान, नाकपुड्या डोक्याच्या अगदी वर. बाकी सगळं अंग पाण्याखाली ठेवून ती तासन्‌तास हलत नाही. ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी रस्त्यांवर आल्या होत्या, म्हणून पुराचं पाणी ओसरल्यावर साचलेल्या डबक्यात किंवा गटाराच्या कडेला पाय टाकू नका, काठीने ढवळूनही बघू नका. काठावरच्या चिखलात गुळगुळीत घसरल्यासारखा पट्टा आणि दोन्ही बाजूंना पंज्यांचे ठसे दिसले तर मागे फिरा. रात्री टॉर्च कपाळाजवळ धरून लांबूनच पाण्यावर मारा. मगर असेल तर डोळे लालसर-नारिंगी चमकतात. टॉर्च कमरेशी धरला तर ती चमक तुमच्या डोळ्यांपर्यंत नीट परत येत नाही. दिसली तर वनखात्याला फोन करा, जवळ जाऊ नका.

बाबा, कोष झाला की कुठे झाला आणि कोणत्या रंगाचा, तेवढं रविवारी फोनवर सांगा.

तुमची लेक