डायव्हरच्या मनाचं काय?

मा. संपादक, नमस्कार,

ऑलिम्पिक आलं की पेपरात डायव्हिंगचा एखादा फोटो आणि खाली मेडलचा आकडा, बस्स एवढंच येतं, म्हणून लिहितेय. दहा मीटरवरून उडी म्हणजे हातात जेमतेम दोन सेकंद, पाण्यात शिरताना वेग ताशी ५० किमीच्या आसपास, अंग जरा तिरकं पडलं की सणसणीत मार बसतो, आणि हे रोज, आधी ट्रॅम्पोलिनवर, फोमच्या खड्ड्यात, मग पाण्यात. भीती वाटणारच ना! ब्रिटनचा टॉम डेली बघा, २०१६ ला रिओत प्राथमिक फेरीत पहिला आणि दुसऱ्याच दिवशी सेमीफायनलला १८वा, म्हणजे शेवटचा. एका रात्रीत शरीर थोडीच बदलतं? पुढे त्याने मेडिटेशन धरलं, लॉकडाऊनमध्ये विणायला शिकला, टोकियोत जोडीने उडी मारायच्या प्रकारात जोडीदार मॅटी लीबरोबर गोल्ड घेतलं आणि नंतर स्टँडमध्ये बसून शांतपणे विणत होता, मेडलला पिशवीसुद्धा स्वतःच विणली. लोकांना त्याची गंमत वाटली, मला मात्र तो प्रॅक्टिसचाच भाग वाटतो. तुमच्या क्रीडा पानावर खेळाडूंच्या मनाबद्दलही लिहा, आणि ते फक्त कोणी हरल्यावर नको.

– एक वाचक, पुणे