गणपतीपुळ्याच्या सहलीत मालगुंडला तासभर तरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांमध्ये सहलींचे वारे वाहू लागतात. लहान वर्गांना वॉटरपार्क नाहीतर रिसॉर्ट, मोठ्यांना दोन-तीन दिवसांचे कोकण. कोकणात गणपतीपुळे ठरलेलेच : दर्शन, समुद्र, मोदक, कोकमाच्या बाटल्या, चला गाडीत. तिथून हाकेच्या अंतरावर मालगुंड आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे कवी केशवसुत, १८६६ साली तिथे जन्मले. पण सहलीच्या पत्रकात मालगुंडपुढे 'वेळ मिळाल्यास' असे लिहिलेले असते आणि वेळ काही मिळत नाही.

या सुट्टीत नातवंडे आणि सोसायटीतली काही मुले घेऊन आम्ही तिथे गेलो. जुन्या धाटणीचे घर, सारवलेली जमीन, आवारात दगडांवर कोरलेल्या कविता. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या या स्मारकाचे उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. यातले मुलांना मी आधी काहीच सांगितले नव्हते. चपला काढून आत गेल्यावर पाचवीतल्या नातीने पायाचा अंगठा जमिनीवर घासून पाहिला, मग तळवा टेकवला. "आजी, लादी नाहीये, तरी गार कशी?" त्यावरून शेण निघाले, सारवणे निघाले, 'शी!' म्हणून झाले, आणि तरी सगळी तिथेच फतकल मारून बसली. कवी कोण, कुठला, हे विचारायची बुद्धी त्यानंतर झाली.

मग मात्र मी सांगितले. वडील शाळामास्तर, पुढे दापोलीजवळ वळणे गावी मंडलिकांच्या खोतीचा कारभार बघायला गेले, त्यामुळे हे घर लहानपणीच सुटले. मॅट्रिक व्हायला २३ वे वर्ष उजाडले, १८८९ साल. हे ऐकून नववीतला एक मुलगा ताडकन म्हणाला, "आणि मला युनिट टेस्टवरून बोलतात!" त्याची आई अजून माझ्यावर थोडी नाराज आहे. पुढे शिक्षकी, फैजपूर, धारवाड, आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने मृत्यू. चाळिशीही गाठली नाही. हयातीत एकही कवितासंग्रह निघाला नाही, हे मुलांना फार लागले. "मग लोकांना कळले कसे?" हा प्रश्न मला त्या दिवसातला सगळ्यात चांगला वाटला. मासिकांतून कविता छापून येत, लोक त्या उतरवून घेत, हे सांगताना मलाही बरे वाटले.

आम्ही आत असतानाच एका शाळेची सहल आली. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण चित्र कुठल्याही शाळेचे असू शकते. शिट्टी, रांग, प्रत्येकाच्या हातात वही, आणि 'फलकावरची माहिती उतरवून घ्या, प्रोजेक्टला लागेल' असा हुकूम. मुले माना खाली घालून लिहीत होती. घराकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. पंधराएक मिनिटांत सगळे पुन्हा बसमध्ये. हे बघून अशा ठिकाणी मुले कंटाळतात असे कुणी म्हणाले, तर त्यांचे काय चुकले? जन्मसाल पुस्तकातही असते. ते उतरवायला मुलांना तीनशे किलोमीटरांहून लांब न्यायची गरज नाही.

त्यापेक्षा निघण्याआधी वर्गात केशवसुतांची एखादी कविता वाचावी. 'तुतारी'च हवी असे नाही. 'गोष्टी घराकडिल' घ्या : घरापासून दूर राहिलेला मुलगा मित्राला घरच्या गोष्टी सांगतो आहे, आणि सांगता सांगता भोवतालच्या वस्तूच त्याला भास वाटू लागतात. हॉस्टेलला राहिलेले भावंड घरात असेल तर मुलांना समजावून सांगावे लागत नाही. पुस्तक मिळत नाही ही सबबही ठाण्यात चालायची नाही. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आपल्याच शहरात आहे.

रात्रीचा मुक्काम म्हटला की पालक बिचकतात, हे मी शाळेत शिकवत असताना पुष्कळ पाहिले आहे, आणि त्यांची काळजी खोटी नाही. म्हणून हे सातवीच्या पुढच्या वर्गांसाठी. मांडवी, जनशताब्दी या रत्नागिरीला जाणाऱ्या रेल्वेगाड्या ठाण्याला थांबतात, शालेय सहलींना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत असते. मुक्कामाची सोय गणपतीपुळ्याला होतेच. पुढे मालगुंडसाठी वेगळा खर्च असा नाहीच, प्रश्न फक्त तासाभराचा. मोदकांच्या आणि खरेदीच्या वेळेतून तो निघू शकतो, निदान निम्मा तरी. सहलीची पत्रके येत्या आठवड्यांत घरी येतील. सही करण्याआधी पालकांनी मालगुंडपुढचे 'वेळ मिळाल्यास' खोडून तिथे नक्की वेळ लिहायला सांगावी.

— एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे (प.)