कळवलं आणि कळलं

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. ‘नुसतं समन्वयाचं काम आहे, आठवड्याचे दोन दिवस पुरतील’ असं तुलाही सांगितलंय ना? मलाही असंच सांगितलं होतं. घरी राहणाऱ्या आजारी, म्हाताऱ्या माणसांच्या काळजीसाठी डॉक्टर, घरी जाणाऱ्या नर्स, समाजसेवा विभागाची माणसं आणि स्वयंसेवक, सगळ्यांना एकत्र आणायचं, झालं. जणू सगळे एकमेकांची वाट बघत बसले होते आणि फक्त मी उगवायचा राहिलो होतो!

काम घेऊ नकोस असं म्हणत नाही. पण पहिल्याच वर्षी माझ्या हातून जे झालं ते तुला आधी सांगतो. ते मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

एक आजोबा होते. हृदय कमजोर, पायांना सूज. रुग्णालयातून त्यांना शुक्रवारी संध्याकाळी घरी सोडलं. (शुक्रवार संध्याकाळ लक्षात ठेव. पुढचे दोन दिवस कुठलाच फोन कोणी उचलत नाही.) डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली होती. नर्स आठवड्यातून एकदा जाऊन वजन बघायची, म्हणजे अंगात पाणी साठतंय का ते कळावं. ते वाढतच चाललं होतं, म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला. आणि आजोबा गोळी घेतच नव्हते! संडास घराच्या दुसऱ्या टोकाला, मधे दोन पायऱ्या. गोळी घेतली की थोड्याच वेळात धाव घ्यावी लागायची आणि तिथवर पोचणं व्हायचं नाही. हे सांगायची त्यांना लाज वाटायची. पायऱ्यांपाशी धरायला दांडा बसवून द्यावा असा अर्ज तिसऱ्याच कार्यालयात पडून होता. तो गोळीशी संबंधित आहे हे तिथल्या कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

सगळं ठाऊक होतं ते एका स्वयंसेविकेला. ती त्यांना पेपर वाचून दाखवायला जायची. रेडिओमागे न फोडलेल्या गोळ्यांची पाकिटं तिला दिसली. तिने लगेच मला सांगितलं. मी नर्सच्या कार्यालयात चिठ्ठी ठेवली आणि वहीत नावापुढे लिहिलं, ‘कळवले’. नर्स रजेवर होती. बाराव्या दिवशी आजोबा पुन्हा रुग्णालयात.

कोणाला दोष देणार? ज्याने त्याने आपलं काम केलं होतं. मीसुद्धा केलं होतं, वहीत पुरावा होता. त्या दिवशी मी वहीत एक रकाना वाढवला. ‘कळवलं’चा होताच, त्याच्या शेजारी ‘कळलं’चा. दुसऱ्या रकान्यात तारीख पडल्याशिवाय नाव खोडायचं नाही. तू विचारलं होतंस की सुरुवात कुठून करू. या रकान्यापासून कर. सेवांची सूची छापायला कोणी सांगेल, ती मागे ठेव. आमची चाळीस पानी झाली होती आणि छापून येईपर्यंत त्यातली निम्मी माणसं बदलली होती.

तू म्हणतोस, सगळी खाती एकाच छत्राखाली आणली तर हा गोंधळ संपेल. मलाही तसं वाटायचं. इंग्लंडचंच बघ. तिथे १९४८ पासून उपचार राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे, सगळ्यांना मोफत. पण आंघोळ घालणं, भरवणं, घरात मदतीला माणूस देणं हे स्थानिक परिषदांकडे, तेही मिळकत बघून. पैशांच्या थैल्या दोन, त्यामुळे ‘हा खर्च कोणाचा?’ हा वाद त्या घडीतच शिवलेला. २०२२ च्या जुलैत तिथे उपचार आणि घरची मदत यांची सांगड घालणारी ४२ एकात्मिक मंडळं कायद्याने आणली, ती अशा भेगा बुजवायलाच. पण उत्तर आयर्लंडमध्ये आरोग्य आणि सामाजिक सेवा १९७३ पासून एकत्रच आहेत, आणि तिथेही बरी झालेली माणसं घरच्या मदतीची सोय नाही म्हणून रुग्णालयात अडकून पडतात. छत्राने पाऊस अडतो. छत्राखालची माणसं आपोआप बोलायला लागत नाहीत.

जिथे जमलंय तिथे मला छोटा आकार दिसतो. नेदरलँड्समध्ये योस दे ब्लॉक यांनी २००६ साली ‘बुर्टझोर्ग’ सुरू केलं, म्हणजे शेजारची काळजी. एका गटात जास्तीत जास्त १२ परिचारिका, ठरावीक वस्ती, आणि निर्णय त्यांचे त्यांनीच घ्यायचे. आपल्याकडे केरळात १९९३ साली कोझिकोडला वेदनाशमनासाठी एक संस्था उभी राहिली. तिचं काम पुढे आसपासच्या गावांत पसरलं ते शेजारीपाजारी स्वयंसेवकांच्या बळावर. राज्य सरकारने धोरण केलं ते २००८ मध्ये. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी माणसं, मग धोरण.

आम्ही मोठी मासिक बैठक बंदच केली. तिथे विषयांवर बोलणं व्हायचं, माणसांवर नाही. आता दर मंगळवारी अर्धा तास, उभ्यानेच. फक्त नावं घ्यायची आणि प्रत्येक नावाला एक जण जबाबदार. बाकी कोणीही त्या घरी जावो, घरच्यांकडे फोन नंबर एकच. नाहीतर आठवड्यात चार जण येतात, तेच तेच प्रश्न विचारतात, आणि म्हातारं माणूस पाचव्याला दार उघडत नाही.

गोपनीयतेचा मुद्दा निघेलच. कोणीतरी म्हणेल, स्वयंसेवकांना हे सांगता येत नाही. बरोबर आहे, पण त्या वाक्याआड काम टाळणारेही लपतात. ब्रिटनमध्ये फिओना कॅल्डिकॉट या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी रुग्णांच्या माहितीबाबत तत्त्वं घालून दिली होती. त्यांत २०१३ च्या फेरआढाव्यात सातवं आलं, की माहिती योग्य जागी पोचवणं हे कर्तव्यही ती जपण्याइतकंच महत्त्वाचं असू शकतं. आम्ही सरळ रुग्णालाच विचारतो, ‘हे कोणाकोणाला सांगू?’ उत्तरं फार मजेशीर येतात. डॉक्टरांना सांगा, सुनेला नको!

स्वयंसेवकांना मात्र जप. गोळ्या देणं, जखम बांधणं त्यांच्याकडे येऊ देऊ नकोस. कमी माणसांत काम उरकायचं असलं की सगळ्यांना त्यांचीच आठवण होते. त्यांनी सोबत करावी, बघावं आणि सांगावं. आणि त्यांनी सांगितलेलं खालच्या पायरीचं नाही, हे नर्स-डॉक्टरांच्या गळी उतरवणं, ते तुझं खरं काम. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारातल्या माणसांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण. एकाच डोक्यात तिन्ही विद्या! आपल्याला ते जमणार नाही, म्हणून मंगळवारी उभं राहायचं.

आजोबांचं पुढे काय झालं ते राहिलंच. दांडा बसायला आणखी महिना गेला, पण त्याआधी नर्सने पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवलं आणि गोळीची वेळ बदलून घेतली. इतकंच हवं होतं. स्वयंसेविका अजून जाते. त्यांना बातम्या नको असतात म्हणे, फक्त शब्दकोडं.

तुझी वही सुरू झाली की पहिलं पान पाठव. आणि हे पत्र पोचल्याचं उलट टपाली कळव, तोवर तुझं नाव खोडत नाही.

तुझाच