केटे कोलवित्झ : आईच्या आड हरवलेली चित्रकार

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला जर्मन चित्रकार केटे कोलवित्झ (१८६७-१९४५) यांच्यावरचा लेख वाचला. त्यांना मराठीत अर्धे पान मिळाले, याचा आनंद आहे. मात्र 'युद्धात मुलगा गमावलेल्या आईने आपले दुःख कागदावर उतरवले' हा लेखाचा सूर पटला नाही. सोबत छापलेले 'मृत बालकासह स्त्री' हे एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून घेतलेले छापाचित्र) १९०३ मधले आहे. धाकटा मुलगा पेटर पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या आघाडीवर मारला गेला तो ऑक्टोबर १९१४ मध्ये. चित्रातल्या मुलासाठी त्यांच्यासमोर होता तो हाच पेटर, सात वर्षांचा, चांगला जिवंत. त्याला कवेत धरून, आरशात बघत त्यांनी रेखाटन केले. अवघडून त्या कण्हल्या तेव्हा, 'गप्प राहा आई, छान होईल चित्र' अशी समजूत त्यानेच घातली होती.

मग हा विषय आला कुठून? नवरा कार्ल डॉक्टर. बर्लिनच्या प्रेन्झलाउअर बेर्ग या कामगारवस्तीत त्याचा दवाखाना होता आणि तिथेच दोघांचा संसार. औषधाला आलेल्या बाया केटेबाईंकडेही मन मोकळे करून जात. आजारी मुले, कामावरून काढलेले नवरे हे सगळे त्या रोज पाहत होत्या. स्वतःचा मुलगा जाण्याआधी त्यांना दुःख कळत नव्हते, असे थोडेच आहे!

लेखात तंत्राबद्दल तर चकार शब्द नाही. बाईंचे शिक्षण रंगचित्रकाराचे, बर्लिन आणि म्युनिकला झालेले. (मुलींना अकादमीत प्रवेश नव्हता, म्हणून स्त्रियांच्या वेगळ्या कलाशाळेत.) रंग सोडून त्या छापाचित्रांकडे वळल्या. एका चित्राच्या अनेक प्रती निघतात आणि त्या सामान्य माणसाच्या हाती पडू शकतात, याचे त्यांना मोल होते. 'विणकरांचा उठाव' (१८९३-९७) या मालिकेतली पहिली तीन चित्रे शिळाछापाची (दगडावर रेखाटून छापलेली) आणि पुढची तीन एचिंगची का? तर एचिंगवर हात पुरेसा बसला नव्हता, सुरुवातीचे प्रयत्न फसले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्याच दशकात मुंबईत राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीने शिळेवरून देवदेवता छापल्या जात होत्या. तिकडे बर्लिनमध्ये शिळेवर उपाशी विणकर उमटत होते. त्या मालिकेला सुवर्णपदक द्यावे, अशी शिफारस १८९८ मध्ये झाली. जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने ती फेटाळली.

पेटरच्या मृत्यूनंतर युद्धावरची चित्रे त्यांनी एचिंगमध्ये करून पाहिली, शिळेवर करून पाहिली. मनासारखे होईना. १९२० मध्ये जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाख यांचे लाकडी ठशाचे (लाकडात कोरून छापायचे) काम पाहिले आणि केटेबाई लाकडाकडे वळल्या. 'युद्ध' मालिकेचे सात ठसे त्यातून झाले. मला त्यांतले 'स्वयंसेवक' सर्वांत धीट वाटते. मृत्यू ढोल बडवत पुढे चालला आहे, पोरे भारावून त्याच्यामागे, आणि अगदी त्याच्या शेजारी पेटर. अल्पवयीन पेटरला सैन्यात जायला बापाची संमती लागत होती. कार्ल तयार नव्हता. त्याचे मन वळवले ते केटेबाईंनी. लेखात हा प्रसंग गाळला आहे. तो गाळला की त्या निव्वळ शोकमूर्ती उरतात, आणि चार वर्षांनी त्यांनी जे केले त्याचे वजन कळत नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये कवी रिखार्ड डेमेल यांनी आणखी स्वयंसेवकांनी लढायला यावे, असे आवाहन केले. 'फोरवेर्ट्स' या दैनिकात केटेबाईंनी जाहीर पत्राने उत्तर दिले : मरण पुरे झाले, आता एकही पडता कामा नये. खाली जर्मन कवी गटेचे वचन जोडले, बियाणे दळायचे नसते; बियाणे म्हणजे ही तरुण पोरे.

पुढचे लेखात बरेचसे आले आहे. प्रशियन कला अकादमीत निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री (१९१९). हिटलर आल्यावर तिथूनच राजीनामा द्यायला लावला. पेटर नावाचा नातू १९४२ मध्ये रशियात मारला गेला, पुढच्या वर्षी घर बॉम्बहल्ल्यात गेले.

एक विनंती. छापाचित्र छापताना खाली माध्यम आणि साल द्यावे. या लेखातली तिन्ही चित्रे नुसती 'कोलवित्झ यांचे चित्र' एवढ्याच ओळीवर भागवली आहेत. 'मृत बालकासह स्त्री'खाली १९०३ असते, तर लेखाचा सूरच बदलावा लागला असता.

आपला,
एक वाचक, सातारा