सोनूच्या रिपोर्टबद्दल

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

सोनूला ल्युकेमिया आहे, म्हणजे रक्ताचा कर्करोग. उपचारांना आम्ही होकार दिलाय. फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय. बाबा, आईला जवळ बसवून वाचा.

नुसत्या रक्तावरून एवढी खात्री कशी, असं तुम्ही विचारालच. मशीनमध्ये हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट कमी दिसल्या, तेव्हा पॅथॉलॉजिस्ट बाईंनी थेंब काचेवर पसरून, रंगवून स्वतः पाहिला. मलाही दाखवला. त्यात ब्लास्ट होत्या, म्हणजे वाढ अर्धवट राहिलेल्या पेशी. जांभळ्या केंद्रकानेच जवळजवळ सगळी पेशी व्यापलेली, भोवती निळसर कड जेमतेम. विषाणूच्या तापातही लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मोठ्या, वेड्यावाकड्या दिसतात, म्हणून त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कमरेच्या हाडातून मज्जा काढली (भूल देऊन, आई, तिला काही कळलं नाही). निरोगी मज्जेत ब्लास्ट १०० पेशींमागे ५ पेक्षा कमी असतात. तिच्या मज्जेत त्याच भरल्या होत्या. लिम्फोसाइटचे बी आणि टी असे प्रकार असतात. यातल्या कुठल्या, हे दिसण्यावरून ठरत नाही, त्यासाठी फ्लो सायटोमेट्री केली, म्हणजे पेशींवरच्या खुणा मशीनने तपासल्या. बी-एएलएल निघाला, म्हणजे बी पेशींचा झपाट्याने वाढणारा ल्युकेमिया. मुलांमध्ये हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि पूर्ण उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात. हे वाक्य दोनदा वाचा.

तिचे पाय दुखायचे ते यामुळेच. आई, तू चोळून द्यायचीस त्याने काही बिघडलं नाही. आणि हा आजार सहसा घराण्यातून येत नाही, उगाच माहेरचं काही मनात आणू नकोस.

आता रागावू नका. तुम्ही सध्या येऊ नका. औषधांनी तिची प्रतिकारशक्ती खूप उतरेल, साधी सर्दीही जड जाईल, आणि बाबांचा खोकला अजून आहे. तिला वेगळी खोली आहे, तिची गोधडी सोबत आहे, झोप लागते. मला ताप आला की बाबा, तुम्ही रात्रभर उशाशी असायचात. मीही तिथेच आहे.

उपचार २ ते ३ वर्षं चालतील, तेव्हा स्वतःला जपा. बाबा, छाती याच आठवड्यात दाखवायची, टाळाटाळ नको. दोघांनी फ्लूची लस घ्या. कुणी काढे-चूर्णं सुचवली तर पाठवू नका. काकांना इतक्यात सांगू नका, ताईच्या वेळचं आठवतंय ना.

रोज संध्याकाळी तिला व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगा. केस गळतील. ती टोपी काढून दाखवेल तेव्हा चेहरा पाडायचा नाही, आई, गोष्ट पुढे चालू ठेवायची.

तुमची,
माई