'आई'ला चार, 'वहिनी'ला दहा

प्राग, १७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

आज इथे सुट्टी. सव्वाचारलाच अंधार पडला आणि मी दुपारपासून लॅपटॉपसमोर डोळे मिटत बसले होते. रूममेटला वाटलं, झोप येतेय.

तुझ्यासाठीचा, डोळे मिटून टाइप करायचा प्रोग्रॅम चालायला लागला! डोक्याला पट्टी नाही, वायर नाही, लॅपटॉपचा साधा कॅमेरा पुरतो. तो प्रत्येक डोळ्यावर सहा ठिपके धरतो: दोन कोपऱ्यांत, दोन वरच्या पापणीवर, दोन खालच्या. पापण्यांमधलं अंतर भागिले डोळ्याची लांबी. उघड्या डोळ्याला साधारण ०.३ येतात, मिटला की आकडा शून्याकडे घसरतो. भागाकार असल्यामुळे तुझी खुर्ची थोडी मागेपुढे झाली तरी फरक पडत नाही. ही युक्ती इथल्याच टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या तेरेझा सोकुपोवा आणि यान चेख यांनी २०१६मध्ये मांडली.

घोळ पुढेच आहे. माणसाच्या पापण्या मिनिटाला पंधरा-वीसदा आपसूक मिटतात. परवा माझी अर्धवट मेल तशीच सरांना गेली! आपसूक मिटलेली पापणी अर्ध्या सेकंदाच्या आत उघडते, म्हणून आता पाऊण सेकंद मिटून धरलं तरच क्लिक. एका डोळ्याचा पर्याय मुद्दाम ठेवला नाही. तुला डोळा मारता कुठे यायचा, तोंडच वाकडं व्हायचं.

अक्षरांच्या तक्त्याला आपली वर्णमालाच कामी आली. क-च-ट-त-प अशा ओळी एकेक करून उजळतात. हव्या त्या ओळीवर डोळे मिट, मग अक्षरावर. काना-वेलांट्या मात्र वेगळ्या निवडायच्या. त्यामुळे 'आई' चार मिटण्यांत होतं, 'वहिनी'ला दहा लागतात. तिला सांग, रागावू नकोस.

बाबा म्हणाले, बोलून टाइप करता येतं की! येतं. पण घरभर माणसं ऐकत असताना तू मित्रांना काय डोंबल लिहिणार?

खिडकी पाठीमागे नको, उजेड तोंडावर हवा. चष्म्यावर ट्यूबलाइट चमकली की ठिपके भरकटतात. पंख्याचा वारा थेट डोळ्यांवर घेऊ नकोस, आणि वीस मिनिटांनी थांब. काल माझे डोळे चांगलेच चुरचुरले.

पाऊण सेकंद हे माझ्या पापण्यांचं माप. तुझं रविवारी व्हिडिओ कॉलवर बसवू. तोवर वहिनीला फाइल उतरवून ठेवायला सांग.

तुझी,
छोटी